पांढरा प्लग

माझ्या गॅरेजच्या शटरवर लाल ऑइलपेंटनं एक ओळ लिहिलेली आहे: आवाजाच्या गाडीला हात लावला जाणार नाही. ओळ मीच लिहिली. अक्षर वेडंवाकडं आहे, पण अर्थ सरळ आहे. तरी दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी शहाणा नेमका त्या ओळीसमोर फटफटत येऊन थांबतो आणि विचारतो, "मिस्त्री, हे आपल्या मानसाला बी लागू हाय का?" आपला माणूस म्हणे. आपल्या माणसांनीच कान किटवलेत.

बावीस वर्षं मी पाथरीत मोटारसायकली दुरुस्त करतोय. या बावीस वर्षांत माणसं बदलली, रस्ते दोनदा उकरले आणि तिसऱ्यांदा उकरायला घेतलेत, पण कंपनीचा चांगला सायलेन्सर काढून माळ्यावर टाकायचा आणि बाजारातली मोकळी नळी गाडीला लावायची, हे खूळ काही जात नाही. गल्लीत तान्ही लेकरं दचकून उठतात, म्हातारी माणसं छातीला हात लावतात, आणि हा गाडीवाला वर कॉलर ताठ करून जातो. माझं डोकं फिरतं ते त्यानं तर फिरतंच, पण त्याहून जास्त फिरतं ते इंजिनाच्या हालानं. कारण ते मला दिसतं. त्याला दिसत नाही.

एक खतवाला आहे. बी-बियाण्याचं, खताचं दुकान, तिशी उलटलेली, दोन लेकरांचा बाप. त्यानं असला सायलेन्सर लावला आणि महिन्याभरात माझ्या दारात आला. म्हणाला, "गाडी फटाके फोडायलीय, गरम व्हायलीय, पिकअप बी गेलाय. जरा सेटिंग करून द्या."

मी त्याला उभ्याउभ्या समजावून सांगितलं. इंजिनाला नुसतं पेट्रोल लागत नाही, हवेत मिसळून लागतं. किती हवेला किती पेट्रोल, याचं माप कंपनीनं बसवून दिलेलं असतं. कार्बोरेटरच्या पोटात एक पितळी तुकडा असतो, करंगळीच्या नखाएवढा, मधून बारीक छिद्र. त्याला जेट म्हणतात. पेट्रोल तेवढ्या छिद्रातून येईल तेवढंच. आता लोकांना वाटतं सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबायचा डबा. तसं नाही. आतला धूर किती अडवायचा आणि किती सोडायचा, हेही त्या डब्यावर असतं. आतले कप्पे, जाळी नसलेली मोकळी नळी लावली की धूर सुसाट पळतो आणि त्याच्यामागं इंजिन जास्त हवा ओढतं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. पीठ वाढवलं आणि पाणी तेवढंच ठेवलं तर भाकरी चिरते, तशातली गत. फरक एवढाच की भाकरी चिरली तर कुत्र्याला घालता येते, पिस्टन चिरला तर कुणाला घालणार?

"पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून भाजतं," मी म्हणालो. "एक्सलेटरची ग्रीप सोडली की उरलंसुरलं पेट्रोल सायलेन्सरात जाऊन फुटतं. तुमी त्याला फटाके म्हणता आन् खूश होता. ते इंजिन बोंबलायलंय."

"एवढं सगळं कळतंय तर जेट बदला की. मोठा टाका."

"आधी सायलेन्सर काढून ये. मग जेट बी बदलायची गरज न्हाई."

तो हसला. "मिस्त्री, तुमचा कान लय नाजूक हाय."

कान नाजूक आहे, खोटं कशाला बोलू. चौकातून गाडी गेली की तिचा प्लग कुठल्या रंगाचा निघेल हे मी मान वर न करता सांगतो. लोक चहाची पैज लावतात आणि हरतात. प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला तर हवा-पेट्रोल बरोबर. काजळी धरलेला निघाला तर पेट्रोल जास्त. आणि पांढराफटक निघाला तर पेट्रोल कमी, इंजिन तापतंय, सांभाळा. पण इथं लोकांचं सगळं उलटं. पांढरा प्लग हातात दिला की गिऱ्हाईक म्हणतं, "वा, किती साफ हाय." आमच्या घरी रोज सकाळी कपाळाला भस्म लावतात, पांढरं म्हणजे पवित्र हे मलाही कळतं. पण प्लग म्हणजे कपाळ नाही, हे किती जणांना सांगायचं?

नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, तो हवा मोजून पेट्रोल थोडं वाढवून घेतो, म्हणून नव्या गाडीवाल्यांना वाटतं आपल्याला काही धाड भरत नाही. तोही थोडंच वाढवतो, पुढं हात टेकतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला तेवढाही आधार नाही. आणि ही सगळी गोष्ट एका जुन्या गाडीची आहे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, वालूरला धाकट्या भावाकडे राहतात. भावाचं तिथं किराणा दुकान आहे, जे आधी आप्पांचं होतं. दुकान भावाच्या हातात दिल्यावरही आप्पांनी बरीच वर्षं आठवडी बाजार केले. मिरची, हळद, धणे, मागं दोन गोण्या बांधून शंभर सीसीच्या मोटारसायकलवर या गावाहून त्या गावाला. मी गॅरेज टाकलं त्याच्या दोन वर्षं आधी घेतलेली गाडी. टाकीवरचा रंग आप्पांच्या गुडघ्यांनी दोन्ही बाजूंनी उडालाय, पण इंजिन पॅक आहे.

इंजिन पॅक आहे याचा अर्थ आमच्या भागात सांगावा लागत नाही. कारखान्यात आवळलेला बोल्ट अजून कुणा मिस्त्रीच्या पान्यानं हललेला नाही, इंजिन एकदाही खोललेलं नाही, म्हणजे पॅक. गाडीची इज्जत त्यावर असते. आप्पा लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, मातीला गेले तिथंही, शेजारच्या माणसाला सांगायचे, "चोवीस वर्षं झाली. इंजिन पॅक हाय." शेजारच्यानं विचारलेलं असो की नसो.

मी मिस्त्री झालो हे त्यांना पसंत नव्हतं. दुकानदाराच्या पोरानं हात काळे करायचे, हे त्यांच्या मनाला कधी पटलं नाही, आणि ते त्यांनी मला चारचौघांत ऐकवलंही आहे. पण स्वतःची गाडी त्यांनी दुसऱ्या कुणाकडे नेली नाही. दोन महिन्यांतून एकदा वालूरहून पाथरीला यायचे, मी ऑइल बदलायचो, फिल्टर झटकायचो, प्लग काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचो. ते तो उन्हात धरून बघायचे आणि म्हणायचे, "बिस्कीट." मी म्हणायचो, "बिस्कीट." आम्हा बापलेकांचं जे काही बोलणं होतं ते एवढंच, आणि मला ते पुरत होतं. ते इंजिन खोलायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढं एकच काम मी आयुष्यात त्यांच्यासाठी मनापासून केलं.

गेल्या हिवाळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. किक मारताना गाडी मधेच खरखरत होती. किकचे दात झिजलेले वाटत होते. असं कधी झालं नव्हतं. पण दात बघायचे तर इंजिनाचं झाकण उघडावं लागलं असतं, मग पॅक कशाचं राहिलं? म्हणून मी हात लावला नाही. आप्पाही हल्ली भांडल्यासारखं मोठमोठ्यानं बोलायचे. फोनवर तर बोलायचेच नाहीत, फोन भावाच्या हातात देऊन मोकळे व्हायचे. मला वाटलं, वय झालं, चिडचिड वाढली. दुसरं वाटलं ते हे की माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे काही उरलं नाही.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सोमवारी मी टायर काढत बसलो होतो. बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं, त्यात तो खतवालाही. लांबून वालूरच्या अंगानं एक गाडी फटफटत, फटाके फोडत येत होती. मी मान वर न करता म्हणालो, "कुणाची का असंना, प्लग पांढराफटक हाय. महिना-दीड महिन्यात पिस्टन पकडणार, इंजिन जाम होणार. लिहून घ्या."

गाडी वळून माझ्याच दारात थांबली. गाडीवर आप्पा.

खतवाला बाकावरून उठला आणि शटरवरच्या ओळीकडं बघत म्हणाला, "मिस्त्री, आता ती पुसा." बाकीचे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडीखाली कंपनीच्या सायलेन्सरच्या जागी चकचकीत आखूड नळी. तोंडाजवळ तापून निळी पडलेली. मी विचारलं, "आप्पा, हे कुणी लावलं?"

"गाडी चांगली हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "काई तक्रार न्हाई."

"तक्रार न्हाई विचारली. लावलं कुणी हे?"

"ऑइल बदलून दे तेवढं."

मला वाटलं टाळतायत. कुणाला तरी पाठीशी घालतायत. मी ऑइल बदललं, प्लग काढला, आणि त्यांच्या हातावर न ठेवता सरळ डोळ्यांपुढं नाचवला. पांढरा. चुन्यासारखा. त्यांनी बघितला, काही बोलले नाहीत, मान दुसरीकडं फिरवली. मी म्हणालो, "गाडी ठेवून जा. हा काढून टाकतो." त्यांनी प्लग माझ्या हातातून घेतला, स्वतः बसवला, गाडी डबल स्टँडवर तशीच, बाजूला उभं राहून किक मारली, पहिल्या किकला चालू केली आणि निघून गेले. त्यांची ती सवय, गाडी स्टँडवर असतानाच बाजूनं किक मारायची.

मी त्यांना थांबवू शकलो असतो. माझ्या ड्रॉवरमध्ये त्या गाडीचे मोठे जेट होते, चार वेगवेगळ्या नंबरचे चार. कार्बोरेटर काढून, जेट बदलून, परत बसवायला अर्धा तास. सायलेन्सर राहिला असता तरी इंजिन वाचलं असतं. हे मला माहीत होतं, खतवाल्याला समजावून सांगण्याइतकं माहीत होतं. पण माझा नियम होता. माझ्या शटरवर ओळ होती. आणि चारचौघांत माझं नाक कापलं गेलं होतं. नियम माझ्या बापाच्या इंजिनापेक्षा मोठा झाला, एवढंच खरं.

आप्पा दिसेनासे झाल्यावर मी भावाला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. आप्पांच्या गाडीवर तू तुझी हौस भागवायलास का, असं विचारलं. त्यांच्या वयाची तरी लाज ठेव, म्हणालो. आणखी बरंच म्हणालो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, "मीच लावलाय समज, दादा. काय करायचं ते कर." आणि फोन ठेवला. त्यानंतर दीड महिना आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नाही. दीड महिना ते जेट ड्रॉवरमध्ये पडून होते. पक्कड काढायला रोज ड्रॉवर उघडत होतो, रोज दिसत होते.

वैशाखात भावाचा फोन आला. आवाज पडलेला. आप्पा पेडगावला आत्याकडे गेले होते. आदल्या दिवशी परतताना भर दुपारी, भर वेगात गाडी चालता चालता जाम झाली. मागचं चाक घासत गेलं. आप्पांनी क्लच दाबला म्हणून पडले नाहीत. बाभळीखाली अर्धा तास बसले, मग किक हलली, गाडी चालू झाली, आणि बैलगाडीच्या वेगानं घरी आले.

"लागलं का कुठं?" मी विचारलं.

"न्हाई. पर जेवले न्हाईत दादा. इंजिन खोलावं लागंल का, एवढं एकच विचारायलेत. तू येऊन बघ."

मी गॅरेज तसंच टाकलं. हत्यारांची पिशवी घेतली, फळीवर पडलेला कंपनीचा एक जुना सायलेन्सर घेतला, आणि ड्रॉवरमधले जेट खिशात टाकले. वालूरपर्यंत मी सगळ्यांना शिव्या देत गेलो. भावाला, सायलेन्सर बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, रस्त्यातल्या खड्ड्यांना. स्वतःला सोडून सगळ्यांना दिल्या.

आप्पा आत खोलीत आडवे पडले होते. मी अंगणात गाडी घेतली, प्लग काढला. आधीपेक्षा पांढरा. भाऊ मागं उभा होता. तो सहज म्हणाला, "प्लग तर साफ हाय की. मला वाटलं गाडी बरी चालायलीय." त्याची काही चूक नव्हती, सगळा तालुका असंच म्हणतो, पण मी त्याच्या अंगावर असा ओरडलो की शेजारची माणसं दारात आली. मग तो हळूच म्हणाला की फटाके जास्त व्हायला लागले म्हणून फाट्यावरच्या मिस्त्रीकडून सेटिंगही करून आणली होती. मी हवेचा स्क्रू बघितला. त्या गाढवानं तो अजून दोन फेरे बाहेर घेतला होता. म्हणजे आधीच हवा जास्त, त्यात यानं आणखी दार उघडून दिलं. गावात मिस्त्री म्हणवून घ्यायला पाना हातात धरता आला की झालं, दुसरं काही लागत नाही.

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून मी भावाला किक मारायला सांगितली. अंगठा उडाला. दाब होता. ऑइल काढून तळहातावर पसरलं, उन्हात धरलं. काळं होतं, पण चमक नव्हती, म्हणजे धातू घासून आलेला नव्हता. पिस्टननं एकदा पकडलं होतं आणि सोडून दिलं होतं. इंजिन खोलायची गरज नव्हती. मी तिथंच मातीत बसलो. मला रडू येईल असं वाटलं, पण राग इतका होता की रडायला जागा नव्हती.

मग मी ती चकचकीत नळी काढली आणि अंगणाच्या कोपऱ्यात भिरकावली. कंपनीचा सायलेन्सर बसवला, स्क्रू जागेवर आणला, नवं ऑइल टाकलं. गाडी चालू केली. आहाहा, काय आवाज होता तो. म्हणजे आवाज नव्हताच. शिवणयंत्र शेजारच्या घरात चालावं तेवढाच. मी गाडी डबल स्टँडवर चालूच ठेवली, गरम होऊ दे म्हणून, आणि हौदावर हात धुवायला गेलो. भाऊ आप्पांना सांगायला आत गेला.

आप्पा बाहेर आले, मागून भाऊ. सोमवार होता. त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं, कपाळाला ताजं भस्म, हातात बेलाची पिशवी. महादेवाला निघाले होते. माझ्याकडं न बघता ते गाडीजवळ गेले, पिशवी हँडलला अडकवली, कोपऱ्यातल्या नळीकडं एकदा बघितलं, आणि बाजूला उभं राहून किक मारली.

खर्रकन आवाज झाला. चालू इंजिनात किकचे दात घासल्याचा आवाज. मी हौदाजवळून बघत होतो. त्यांनी चोक ओढला. परत किक मारली. परत खर्र. चालू गाडी, समोर उभा माणूस, आणि तो ती चालू करायला बघत होता. तिसऱ्यांदा मारली. कपाळावर घाम आला, भस्म ओलं झालं. मग ते थांबले. त्यांनी उजवा तळहात हळूच टाकीवर ठेवला, दवाखान्यात लेकराच्या छातीवर ठेवतात तसा, आणि तसाच ठेवून उभे राहिले. टाकी थरथरत होती. त्यांना कळलं. त्यांनी मान वर करून आधी भावाकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. एवढं ओशाळलेलं तोंड मी माझ्या बापाचं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी मला हात काळे करायला निघालास म्हणून हाकललं होतं तेव्हाचं तोंड मला पाठ आहे. हे त्यांचं नव्हतंच.

त्यांनी चावी फिरवली, बेलाची पिशवी काढून घेतली आणि चालत महादेवाला निघून गेले.

मी भावाकडं वळलो. "कव्हापासून?"

तो म्हणाला, "दिवाळीपासून लय कमी झालं. आता जवळपास न्हाईच." मग त्यानं सगळं सांगितलं. आप्पा दुकानासमोर चालू गाडीला किक मारत उभे राहायचे आणि समोरच्या हॉटेलातली माणसं हसायची. एकदा गाडी चालूच ठेवून घरात आले, दुपारी पेट्रोल संपून बंद पडली तेव्हा कळलं. सोमवारच्या भजनात त्यांचा टाळ चुकायला लागला, तर एका दिवशी कुणीतरी भर भजनात त्यांच्या हातातले टाळ काढून घेतले. काढून घेतले, आणि भजन पुढं चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी आप्पा एकटे सेलूला गेले आणि तो सायलेन्सर लावून आले. त्या नळीचा आवाज तेवढा त्यांना ऐकू येत होता. अंधुक, पण येत होता. भावाला त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की थोरल्याला सांगायचं नाही. थोरल्याला कळलं तर तो गाडी काढून घेईल.

"तू मला दीड महिना शिव्या देऊ दिल्यास?"

"मग काय करू? शपथ होती. आन् तू इचारलंस कुठं, दादा? तू डायरेक्ट सुरूच झालास."

चौकातल्या अनोळखी गाडीचा प्लग न बघता सांगणारा मी. माझ्या कानाचं कौतुक करून लोक मला चहा पाजतात. माझा बाप सहा महिने माझ्यासमोर उभा राहून ऑइल बदलून नेत होता, प्रश्न एक आणि उत्तर भलतंच देत होता, आणि मला ते बहिरेपण ओळखता आलं नाही. मी त्याला माजोरीपणा समजलो. किकची खरखर ऐकली आणि दात झिजले एवढंच निदान केलं. ते का झिजले हे विचारायची अक्कल मला झाली नाही. असल्या कानाला काय जाळायचंय?

संध्याकाळी आप्पा परत आले तेव्हा मी अंगणातच होतो. त्यांच्यासमोर जाऊन, तोंड मोठं करून, एकेक शब्द सावकाश म्हणालो, "परभणीला जाऊ. कान दाखवू. मशीन मिळतं."

ते बाजेवर बसले. "सगळे तेच म्हणायलेत. मशीन घाला, मशीन घाला," ते म्हणाले. "मला मानसं ऐकायची न्हाईत. लय ऐकली. मला गाडी ऐकायचीय."

मग त्यांनी विचारलं, "खोलावं लागंल का?"

मी मान हलवली. नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं म्हणाले, "पांढरा पडला होता. मी बघितला होता त्या दिशी. तू रागात होतास म्हून बोललो न्हाई."

मी कोपऱ्यात गेलो, ती नळी उचलली, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसली, आणि परत गाडीला लावली. भाऊ बघत राहिला. मग कार्बोरेटर काढला. खिशातले जेट काढून दोन नंबर मोठा टाकला, सुईची क्लिप एक खाच खाली घेतली म्हणजे सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त येतं. फाट्यापर्यंत पळवून आणली, प्लग बघितला. अजून फिकट. आणखी एक नंबर मोठा टाकला. परत पळवली. गावातली माणसं दारांत उभी राहून बघत होती, पाथरीचा मिस्त्री, आवाजाच्या गाडीला हात न लावणारा, स्वतः ढणढणत फेऱ्या मारायलाय. मी प्रत्येकाच्या नजरेला नजर दिली. एकानंही तोंड उघडलं नाही, त्याचं नशीब. तिसऱ्या खेपेला फटाके बंद झाले. आवाज तेवढाच होता, पण त्यात बोंब नव्हती. प्लग काढला आणि आप्पांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो दिव्याखाली धरला. "बिस्कीट," म्हणाले.

त्यानंतर भांडण झालं ते वेगळं. ज्याला मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही त्यानं रस्त्यावर गाडी चालवावी का, हा प्रश्न मी टाळणार नाही. मी दोन मोठे आरसे लावले. पेडगाव बंद, पाथरी बंद, मोठा रस्ता बंद. घर ते महादेव, तेही मागच्या पाणंदीनं. आप्पा सगळ्याला नाही म्हणाले आणि शेवटी सगळ्याला हो म्हणाले. हे बरोबर केलं का चूक, मला अजून ठरवता येत नाही. दर सोमवारी सकाळी पाथरीत बसून माझा जीव टांगणीला लागलेला असतो. ऑइल बदलायला आता मीच वालूरला जातो. हॉटेलातल्या हसणाऱ्यांना आणि टाळ काढून घेणाऱ्याला मी जे बोलून आलो त्याची वालूरात अजून चर्चा आहे. ती होऊ द्या.

शटरवरची ओळ मी पुसली नाही. परवा तो खतवाला आला. गाडी तीच, नळी तीच, फटाके तसेच. उतरला आणि पुराव्यानिशी बोलल्यासारखा म्हणाला, "मिस्त्री, वालूरात तुमच्या वडलांची गाडी बघितली. सायलेन्सर माज्याच गाडीसारखा. एक बी फटाका न्हाई. जेट तुमीच बदलला म्हणं."

"बदलला."

"मग माज्याच गाडीला काहून हात लावत न्हाईत?"

मी त्याच्याकडं नीट बघितलं. "तुला ऐकू येतं का?"

"येतं की."

"मग काढ तो," मी म्हणालो, आणि दहाचा पाना त्याच्या हातात दिला.